दोन बोटं खाली

अंगुस्तान एका बाजूने चेपलेलं होतं. वर्षानुवर्षं एकाच बोटाने एकाच जागी जोर दिला की पितळही नमतं, हे तिला सांगायला नको होतं — चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून तिच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याची कातडी अशीच एका बाजूने जाड झाली होती. अंगुस्तान होतं दाराशेजारच्या भिंतीत बसवलेल्या छोट्या काचेच्या कपाटात. बाजूला दोऱ्याचं रीळ आणि एक फोटो, शिवणयंत्रापुढे बसलेली तरुण बाई, कॅमेऱ्याकडे बघायलाही सवड नसलेली.

"या खोलीतल्या आजी शिवणकाम करायच्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "दारावरचं नाव वाचून त्यांना खोली सापडत नाही. अंगुस्तान दिसलं की सापडते. इथे प्रत्येक दाराशी असं कपाट आहे. तुमच्या भावाच्या कपाटात काय ठेवाल?"

पर्समधल्या कागदावर तिने सात प्रश्न लिहून आणले होते — रात्री किती माणसं असतात, डॉक्टर कोणत्या वारी येतात, दारांना आतून कड्या आहेत का... हा प्रश्न त्यात नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. दादा पाठीशी हात बांधून उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, कुणाकडे बिघाड बघायला आल्यासारखा. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली त्याची. पाना ठेवावा? पण मागच्या महिन्यात तिने त्याच्या हातात पाना दिला तेव्हा त्याने तो उलटसुलट करून पाहिला होता आणि सभ्यपणे परत केला होता — दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखा.

"सुचत नाही," ती म्हणाली.

"मग रिकामं राहू दे. बाकीची सगळी भरलेली आहेत, तेव्हा रिकामंही ओळखू येईल."

ही तिसरी जागा. पहिल्या ठिकाणी सगळ्यांना ओळीने टीव्हीसमोर बसवलं होतं आणि टीव्ही बंद होता. दुसऱ्या ठिकाणचे व्यवस्थापक इतकं गोड बोलत होते की ऐकताना दात शिवशिवावेत, पण बोलत होते तिच्याशीच. "यांना पंखा लागतो का?" हे त्यांनी दादाच्या देखत तिला विचारलं होतं, आणि 'हे' शेजारीच उभे होते. दोन्ही वेळा ती हलक्या मनाने घरी परतली होती. जागाच चांगली नाही, तर मी तरी काय करणार? — धाकट्या भावाला फोनवर हे सांगताना तिच्या आवाजात जवळजवळ आनंद होता, आणि तो तिलाच ऐकू आला होता.

धाकटा परदेशात. दर रविवारी फोन. "ताई, आईबाबांच्या माघारी दादाने आपल्याला वाढवलं, आणि आता आपण त्याला बाहेर ठेवायचं?" हे जे त्याचं 'आपण' होतं ना... त्या 'आपण'मध्ये तो समुद्रापलीकडे खुर्चीत बसलेला असायचा आणि ती दादाच्या विजारीची नाडी सोडवत असायची. न्हाणीघराचं तिने त्याला सांगितलंच नाही.

न्हाणीघराचं कुणालाच नीट सांगितलेलं नव्हतं. घरात कुणी परकी बाई शिरलीय असं वाटून दादाने बाहेरून कडी घातली होती. सकाळचे दहा वाजले होते. तिने हाका मारल्या, विनवण्या केल्या, दार बडवलं, मग तो पलीकडे कुठेतरी निघून गेला आणि ती बादली पालथी घालून बसली. दोन वाजता शेजारणीने दार उघडलं तेव्हा ती हमसून हमसून रडली, आणि शेजारीण म्हणाली, घाबरली बिचारी. घाबरले? मी भिंतीला डोकं टेकून बसले होते, आणि मनात एकच होतं — आता कुणी कितीही हाका मारू देत, मला बाहेर जाताच येणार नाही. दोन वर्षांत एवढी विश्रांती मिळाली नव्हती. दादा एकटा घरात मोकळा फिरतोय, दार उघडून रस्त्यावर गेला असेल, आणि मी इथे ओल्या फरशीवर पाय पसरून... त्या चार तासांची लाज तिने आजवर कुणाजवळ उघडी केली नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यात तिने जागा बघायला सुरुवात केली होती.

"वरचा मजला दाखवते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

लिफ्ट आली. दादाची मान किंचित कलली. दार उघडलं, पण तो आत गेला नाही, खाली बघत राहिला.

"दोन बोटं खाली थांबते," तो म्हणाला.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही कोण बोललं. आवाज मोठा नव्हता, त्यात विचारणं नव्हतं, चाचपडणं नव्हतं. दीड वर्षात असा आवाज घरात आला नव्हता.

"काय म्हणालात?"

"मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते. कुणीतरी अडखळणार. म्हाताऱ्या माणसांची जागा ना ही?"

मेट्रनबाई वाकल्या. त्यांनी खरोखरच दोन बोटं लावून पाहिली. "अहो, खरंच की! परवा एक आजोबा पडता पडता वाचले. आम्ही म्हटलं, चप्पल सैल असेल."

"चप्पल कशाला सैल असेल? लिफ्टवाल्याला बोलवा. आणि तोवर इथे माणूस उभा करा."

आता या बाई 'वा आजोबा, छान' म्हणतील, लहान मुलाला म्हणतात तसं, याची ती वाट बघत होती; तसं झालं की ही जागाही बाद करता येणार होती. पण मेट्रनबाईंनी खिशातली वही काढली, 'लिफ्ट — दोन बोटं' असं लिहिलं, आणि सरळ त्याच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही उभे राहाल का? माझ्याकडे आज माणूस कमी आहे."

दादाने घड्याळ पाहिलं. मनगटावर घड्याळ नव्हतं, तरी पाहिलं. "राहीन," तो म्हणाला.

मेट्रनबाई तिला जिन्यापर्यंत घेऊन आल्या. "ताई, तुम्ही दोन तास कुठेतरी जाऊन या. तुम्ही इथे असलात की ते तुमच्याकडे बघणार, आणि तुम्ही त्यांच्याकडे."

ती बाहेर पडली. पदपथावरून चालताना तिच्या लक्षात आलं की आपण अगदी कडेने चाललोय, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मुद्दाम मधोमध चालून पाहिलं. चोरी केल्यासारखं वाटलं. औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर ती फोन हातात धरून बसली. आता वाजेल. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं — "हो हो, आलेच मी, मला वाटलंच होतं." मला वाटलंच होतं... म्हणजे वाजावा असंच वाटतंय की काय मला? माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही, हे आल्यागेल्याला सांगताना आपली मान कशी ताठ व्हायची, ते तिला त्या बाकावर बसून पहिल्यांदा दिसलं. तिच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं यायची, चुकीच्या नंबरची वर्षानुवर्षं सवय झालेली. बरोबर नंबर लावून दिला की दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर — जमीन खाली गेल्यासारखी वाटते हो! ती म्हणायची, चार दिवस वापरा, मग सांगा. सांगायला काय जातं...

फोन वाजला नाही.

ती दहा मिनिटं आधीच परत गेली. लिफ्टशेजारी खुर्ची मांडून दादा बसला होता, मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. दार उघडलं की तो उठायचा, हात पुढे करायचा, "पाय उचलून, आजी, पाय उचलून", आणि बसून कागदावर एक रेघ मारायचा. तिला बघूनही तो तसाच उठला.

"जपून हं, बाई. दोन बोटं खाली आहे."

बाई. तो ओळखत नाही हे नवं नव्हतं. पण दर वेळी आत काहीतरी तुटायचं, ते आज तुटायचं राहिलं. त्याने हात पुढे केला होता. तिने तो धरला.

"दादा, घरी जायचं ना?"

"छे, ड्यूटी आहे." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्ही त्या बाजूला जाताय का? मग माझा एक निरोप पोचवाल? घरी बहीण आहे माझी, ठमी. तिला सांगा, दादाला आज उशीर होईल. वाट बघू नकोस, जेवून घे म्हणावं. उपाशी बसून राहते ती. जरा वेडीच आहे."

ठमी... तेव्हा ती अकरा वर्षांची होती, तो एकोणीस. कुठे लिफ्ट अडकली, आत माणसं अडकली की कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा फोन यायचा आणि दुकानदार हाच निरोप रस्त्यावरून ओरडून सांगायचा. धाकटा जेवून झोपी जायचा. ती कधीच जेवली नाही. मग तो यायचा, काळ्या तेलकट हातांनी, हात धुता धुता रागवायचा, आणि ते रागावणं ऐकल्यावर तिला घास गिळता यायचा. म्हणजे तो अजून तिथेच होता, कामावर होता, आणि तिला घरी सुखरूप ठेवून आला होता. आणि मी दोन वर्षं त्याला वाटेतच उभी राहून अडवतेय, मीच ठमी, मीच ठमी म्हणून!

"सांगते," ती म्हणाली. "आत्ताच जाऊन सांगते."

"विसरू नका हं. लोक विसरतात."

तिला हसू फुटलं. आधी दाबायचा प्रयत्न केला, मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या मेट्रनबाईही हसताहेत हे पाहून सोडून दिला. दादाही हसला, कशाला ते न कळता, मोठ्या मनाने.

"आज राहू द्या त्यांना," दाराशी मेट्रनबाई म्हणाल्या. "काही लागलं तर फोन करीन. सही उद्या करा, नाहीतर करूच नका. नाही जमलं तर घेऊन जा परत. हे काही लग्न नाही."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. चार वाजले असतील. धाकट्याला काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करू लागली. दादाचे कपडे आणायचे, चष्मा घासून द्यायचा, संध्याकाळी दिवे लागल्यावर तो बावरतो हे त्यांना सांगायचंच राहिलं... सांगायला हवं... उन्हाचा एक चौकोन तिच्या मांडीवर आला, गेला, पुन्हा आला.

"बाई! ओ बाई!"

तिने डोळे उघडले. एक माणूस वाकून तिच्याकडे बघत होता. समोर रिकाम्या बाकांची रांग होती, बाहेर एक भिंत, भिंतीवर ऊन. हे काय आहे, आपण कुठून आलो, कुठे निघालो होतो, हा माणूस कोण — काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एक क्षण, दोन क्षण, ती त्या कोऱ्या जागेत नुसती बसून राहिली, आणि तिला भीती वाटली नाही. ऊन बरं वाटत होतं. माणसाचा चेहरा चांगला होता.

मग सगळं हळूहळू परत येऊ लागलं — कंडक्टर, बस, शेवटचा थांबा, दादा. ती घाईने काही गोळा करायला गेली नाही. ते येत होतं तसं येऊ दिलं.

"झोप लागली होती," ती कंडक्टरला म्हणाली, आणि हे आपण तक्रार म्हणून सांगत नाही आहोत, याचं तिला नवल वाटलं.