मुलुखियाचा श्वास

निहालने बाकाखाली टाचेने टाच दाबून उजव्या पायातला बूट काढला, मग मोजा, आणि उघडा तळवा थंड फरशीवर टेकवला. भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका समोर पडली होती आणि वारूळ फुटावं तशी त्यावरची अक्षरं चहूकडे पळत होती. छातीत कुणीतरी आतून दार बडवत होतं. बोटं तर आपली राहिलीच नाहीत असं तिला वाटलं.

'भात,' ती मनात म्हणाली आणि श्वास आत घेतला. 'मसूर,' आणि सोडला.

"बूट का काढलास?"

पर्यवेक्षक बाई शेजारी येऊन उभ्या होत्या.

"पाय भाजतायत, बाई."

"भाजतायत म्हणे! भट्टीतून आलीस का?"

बाई खाली वाकल्या. झगाझीगच्या पोरी नखावर अख्खा धडा लिहून आणतात, असं त्या शहराबद्दल बोललं जाई. गेल्या साली एकीची वेणी उलगडली तर आतून प्रकाशाचं परावर्तन निघालं, तेही आकृत्यांसकट. तेव्हा बाईंची काही चूक नव्हती. त्यांनी बूट उचलला, उलटा करून आपटला, आत डोळा घातला, आणि डोळ्यामागोमाग नाकही आत गेल्यामुळे ताठ होऊन दोन पावलं मागे सरकल्या.

"घाल तो परत."

"पेपर झाल्यावर घालते, बाई. नियमांत बुटाचं काही लिहिलेलं नाही."

"जीभ फार लांब आहे तुझी."

"आहे, बाई. पण तिच्यात चिठ्ठी नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी हसणारीकडे मोर्चा वळवला. निहालने 'मॅकरोनी' घेतली, 'टोमॅटोचा रस्सा' सोडला, आणि तळलेल्या कांद्यापर्यंत पोचता पोचता अक्षरं एकेक करून आपापल्या ओळीत येऊन बसली. तिने पेन उचललं आणि लिहायला लागली ती थांबलीच नाही.

हा उपाय तिचा तिनेच शोधला होता. गेल्या हिवाळ्यात गच्चीवर पाण्याच्या टाकीआड पुस्तक घेऊन बसली असताना पहिल्यांदा ते आलं. अचानक घशाला बूच बसल्यासारखं झालं, हात मुंगळे चढल्यासारखे झिणझिणले, काळीज कानात येऊन वाजू लागलं. आपण मरतोय अशी तिची खात्री पटली. निळा रेशमी रुमाल मैत्रिणीला द्यायचा, धाकट्या आत्याला मुळीच नाही, इथवर तिचं ठरूनही गेलं. तेवढ्यात खालच्या दुकानातून बाबांच्या पळीचा आवाज आला. हाजी रदवान कोशरी विकायचे. पळी वाडग्यावर आपटून ते थर लावत : भात, मसूर, मॅकरोनी, रस्सा, हरभरे, वर कुरकुरीत कांदा. खालचा थर बसल्याशिवाय वरचा घालायचा नाही, हा त्यांचा धर्म. निहाल त्या ठेक्यावर श्वास घेत गेली आणि वाडगा भरला तेव्हा जिवंत निघाली.

त्यानंतर ते वरचेवर येऊ लागलं, आणि तिने ते वरच्यावर गच्चीतच ठेवलं. खाली नेण्याची सोय नव्हती. घरात 'थानविया' होती, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, जिच्या गुणांवर पोरगी डॉक्टर होणार की नुसतीच पोरगी राहणार ते ठरतं. रदवानच्या घरात त्या साली माश्यासुद्धा दबक्या आवाजात घोंघावत. शेजारच्या उम्म हानीने आपला आरवणारा कोंबडा परीक्षेपुरता माहेरी धाडला होता. आगगाडी थांबवून सगळ्या उतारूंना जेवायला बोलावलं, असं ज्याच्याबद्दल सांगतात ते हे गाव. पण त्या वर्षी रदवानच्या दारी सख्खा काका आला तरी त्याला जिन्यातूनच परतवून लावत. गल्लीने निहालला आधीच 'डॉक्टरीणबाई' करून टाकलं होतं. उम्म हानी तिला गुडघा दाखवून जाई, पाववाला जीभ दाखवून जाई. बाबांनी तर दुकानाच्या पाटीवर 'डॉक्टरीणबाईंचे वडील' असं रंगवायला पेंटरला बोलावलं होतं. पेंटर शहाणा. म्हणाला, "हाजी, रंग सुकायला वेळ लागतो. निकालानंतर बघू."

आणि या सगळ्याचा भार आईच्या डोक्यावर. कौसर म्हणजे घराचा खांब. तिला कुणी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. निहालला शंका नव्हती : आपल्या छातीतलं हे तिला कळलं, तर खांबाला तडा जाईल आणि छप्पर सगळ्यांच्या डोक्यावर येईल. म्हणून शेवटचा पेपर होईपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. भौतिकशास्त्रानंतर फक्त रसायन उरलं होतं.

घंटा झाली. तिने बूट चढवला, उत्तरपत्रिका बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "दोन्ही पाय हजर आहेत, बाई, मोजून घ्या." बाईंना हसू आलं ते त्यांनी रुमालात घेतलं.

फाटकाबाहेर आयांची छावणी पडली होती. सगळ्या सकाळपासून तिथेच, फूटपाथवर वर्तमानपत्रं अंथरून, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या मानेला लावून. कुणी जपमाळ ओढत होती, कुणी मान डोलावत आयत पुटपुटत होती, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीवर सगळ्या मिळून तुटून पडत होत्या. सोपा म्हणाली की हेल काढून आनंदाचा गलका, अवघड म्हणाली की प्रश्न काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

निहालवर मात्र कुणी तुटून पडलं नाही. सगळ्यांची पाठ तिच्याकडे होती. भिंतीच्या सावलीत बायकांचं कडं झालं होतं आणि आतून उम्म हानीचा आवाज येत होता.

"अगं पाणी मारा तोंडावर! कांदा आहे का कुणाकडे? कांदा हुंगवा!"

"ऊन लागलं बिचारीला."

"ऊन कसलं, नजर आहे ही. रदवानच्या पोरीला नजर लागायची ती आईने घेतली अंगावर."

निहाल कड्यात घुसली. आई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा चुन्यासारखा, बोटं वाकडी होऊन आखडलेली, नजर कुठेच नाही. आणि मध्येच ती तोंड उघडून श्वास वर ओढत होती, खोल, तुटका, "हा!" करून.

तो आवाज निहालच्या ओळखीचा होता. हिवाळाभर स्वयंपाकघरातून येत होता तो.

झगाझीगच्या मुलखात मुलुखियाची हिरवी भाजी करायची, तर लसणाची फोडणी ओतताना बाईने असा श्वास ओढावाच लागतो. न ओढणारीची भाजी मिळून येत नाही, असं मानतात. सासवा सुनेची परीक्षा त्या एका श्वासावर घेतात. त्यामुळे कौसर स्वयंपाकघरात "हा!" करी तेव्हा घरातलं कुणी मान वर करत नसे. बाबा हात धुऊन ताटावर येऊन बसत, आणि समोर येई वांगं. एकदा तर ते तक्रार करत म्हणाले होते, "या घरात फोडणीचा श्वास रोज येतो, मुलुखिया मात्र वाटेतच कुठे उतरते कोण जाणे." सगळे हसले होते. आईही हसली होती. निहालला आता आठवलं, आईने हसताना ओट्याची कड घट्ट धरली होती.

"कांदा नको," निहाल म्हणाली. "मावशी, सरका. हवा येऊ द्या. सगळ्या सरका."

तिचा आवाज असा होता की बायका सरकल्या. तिने आईच्या चपला काढल्या, बाटलीतलं गार पाणी फूटपाथवर ओतलं आणि आईचे तळवे त्या ओल्या फरशीवर टेकवले. मग समोर उकिडवी बसून तिचे आखडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"आई, माझ्याकडे बघ. मरत नाहीयेस तू. वाटतं तसं, पण मरत नाही कुणी. फरशी गार लागतेय का?"

कौसरने मान हलवली.

"मग आता बाबांचं दुकान. खाली भात. घे आत, हळू. हं. आता मसूर. सोड. अजून सोड, मसूर सांडू दे. थर बसू दे. मॅकरोनी."

"काय म्हणतेय ही?" कुणीतरी कुजबुजलं.

"कोशरी करतेय," उम्म हानी म्हणाली. "गप बसा, कांदा यायचाय."

दुसऱ्या वाडग्याच्या हरभऱ्यांपाशी बोटं सैल पडली. तिसऱ्या वाडग्याला कौसरच्या गालांवर रंग आला, आणि ती स्वतःहून, कोरड्या आवाजात म्हणाली, "कांदा."

बायकांनी एकच गलका केला. एकीने तर जीभ फिरवून लग्नघरासारखी ललकारी दिली.

"बघितलंत? पदवीच्या आधी रोगी बरा केला! डॉक्टरीणबाई कुणाची? आमच्या गल्लीची!" उम्म हानी सगळ्यांना सांगत होती. "माझा गुडघासुद्धा हिच्याचकडे आहे!"

कौसर हसली नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. तांदूळ निवडताना खड्याकडे बघतात, तसं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

उत्तर तयार होतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे, म्हटलं असतं की झालं. बायकांनी मान डोलावली असती, आईने विश्वास ठेवला असता, आणि रसायनाचा पेपरही तसाच पार पडला असता. निहालने तोंड उघडलं. तिच्या हातांत अजून आईचे हात होते, घामाने ओले, आणि अंगठ्यापाशी अजून किंचित थरथरणारे. ती थरथर तिला पाठ होती.

"पुस्तकात नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"माझं मीच शिकले. गच्चीवर."

फूटपाथवरचं पाणी उन्हाने कडेकडेने आटत चाललं होतं.

"कधीपासून?"

"तुझी मुलुखिया सुरू झाली तेव्हापासून."

कौसरच्या तोंडून काहीतरी निघालं, ते हसू होतं की दुसरं काही हे शेजारी बसलेल्या उम्म हानीलाही कळलं नाही, आणि तिला कळलं नाही असं गल्लीत फार थोडं असे.

"बरं, ते राहू द्या गं," उम्म हानी पुढे झुकली. "पेपर कसा गेला ते तर सांग! माझी इनास अजून आत आहे, माझा जीव टांगणीला लागलाय."

"पेपरचं नंतर," कौसर म्हणाली.

फाटकापाशी बसलेल्या आयांपैकी कुणाच्या तोंडून हे वाक्य त्याआधी निघाल्याचं कुणाला आठवत नाही. आसपासच्या दोघीतिघींनी माना वळवल्या.

कौसरने चपला चढवल्या, खालचं वर्तमानपत्र उचलून झटकलं, घडी करून काखेत धरलं आणि उठली. निहालने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही. टुकटुक रिक्षावाले हाका मारत होते. दोघी भिंतीच्या सावलीसावलीने चालत निघाल्या.

"खूप घाबरायचीस?" कोपऱ्यावर आल्यावर आईने विचारलं.

"पहिल्यांदा खूप. नंतर नुसता राग यायचा. तू?"

"मला वाटायचं, माझं काळीज खराब झालंय. म्हटलं, तुझे पेपर होऊ देत, मग मरू सावकाश."

"शाब्बास. निकालाच्या दिवशी मेली असतीस म्हणजे."

"सरबत वाटून," कौसर म्हणाली. थोड्या वेळाने तिने सुस्कारा सोडला, साधाच. "शेवटचा पेपर झाला की दोघी जाऊ. खऱ्या डॉक्टरकडे."

"मी खोटी का?"

"तू अर्धी. आणि होशील की नाही तेही नंतर बघू."

निहाल चालता चालता थांबली. आई मात्र थांबली नाही, त्यामुळे हात ताणला गेला आणि तिला चालावंच लागलं.

"बाबांना काय सांगायचं?"

"आधी मुलुखिया खायला घालू. खरीखुरी. मग सांगू. भरल्या पोटी तुझे बाबा काहीही ऐकतात."

दुकानाची गर्दी दिसू लागली. पळी वाजत होती. कौसरने डोक्यावरचा रुमाल नीट केला, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि दुकानापाशी पोचण्याआधी, सरळ समोर बघत, म्हणाली :

"आज रात्री तुला आलं, तर मला उठव."

"आणि तुला आलं तर?"

"तुझं रसायन आहे परवा. तुझी झोप—"

ती मध्येच थांबली. हाजी रदवान पळी उंचावून त्यांना लांबूनच विचारत होते, पेपर कसा गेला, पेपर कसा गेला.

"उठवेन," कौसर म्हणाली.