मी हेड्रियनचा व्हिला, किल्ला नव्हे!

मी हेड्रियनचा व्हिला बोलतोय. किल्ला नाही. पुन्हा सांगतो, किल्ला नाही! पण लंडनच्या पिनर भागातल्या या घरात कुणी माझं ऐकून घेईल तर शपथ.

२००६ साली, शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत, नऊ वर्षांच्या मालविकाने मला नाश्त्याच्या सिरियलच्या रिकाम्या खोक्यांतून घडवलं. वर्गात रोमन लोकांचा विषय चालू होता आणि सोमवारी तिला माझ्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

माझं मूळ रोमजवळच्या उतारावर. सम्राट हेड्रियनची स्नानगृहं, ग्रंथालयं, काठाने पुतळे उभे असलेलं लांबलचक तळं, ऑलिव्हची झाडं. सगळं कसं ऐसपैस. आणि एका बाजूला, गोल पाण्याच्या मधोमध, एक चिमुकलं बेट.

बेटासाठी मालविकाने दह्याचा डबा कापला. काड्यांचे पूल असे बसवले की ओढून घेता यावेत. "इथे एम्परर अलोन बसायचा," ती मला हळूच म्हणाली. "ब्रिज काढली की कोणीच येऊ शकत नाही." या घरात तिची चित्रं बाबा रंगवतो, तिचा केक बाबा सजवतो. बेट तेवढं तिचं एकटीचं होतं.

मग तिचा बाबा, गिरीश, आला. माणूस पुण्याचा, दिवस दिवाळीचे आणि समोर पुठ्ठ्याच्या इमारती. झालं!

"हेड्रियन म्हणजे वर नॉर्थला ती वॉल बांधणारा ना? मग इथे तट कसा नाही?"

अरे शहाण्या, ती भिंत सरहद्दीवर! घरी माणूस पाय पसरून बसतो. पण नाही. चारी बाजूंनी तट आला, तटाला बुरूज आले. उतारावर माती थापून हळीव पेरले. हिरवळ छान उगवली, खोटं कशाला बोलू? पण तळ्याकाठच्या पुतळ्यांच्या जागी पुण्याहून आणलेले मातीचे मावळे उभे राहिले आणि स्नानगृहाच्या दारात तोफ आली. आंघोळीला निघालेल्या सम्राटाने करायचं तरी काय?

शेवटी गिरीशने बेटावर बालेकिल्ला चढवला आणि पूल ग्लूने पक्के चिकटवून टाकले.

"स्टॉप इट, बाबा! ही माझी व्हिला आहे!" मालविका रडत ओरडली.

"माझी नाही गं, माझा. तो व्हिला," गिरीशने दुरुस्त केलं.

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हातच नाहीत. पोर कळवळून बोलतेय आणि हा व्याकरण तपासतोय!

सोमवारी सकाळी तिने कात्री घेतली, बालेकिल्ला उपटला आणि बेट कापून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून शाळेत नेलं. मला दुखलं, पण मनातून बरं वाटलं.

संध्याकाळी गिरीशला माझ्यातलं भोक दिसलं. मला काखोटीला मारून तो थेट तिच्या खोलीत शिरला. बेट खिडकीत होतं. पूल नवे लावलेले, दोन्ही आत ओढलेले.

"वर्गात काय सांगितलंस?"

"एम्परर सगळ्यांचा बॉस होता," मालविका म्हणाली. "तरी त्याला एक जागा पाहिजे होता, जिथे कोणी काही फिक्स करत नाही."

गिरीश खोलीबाहेर गेला, मला काखेत धरूनच दार ओढून घेतलं. मग दार हळूच वाजवलं.

आता मी बागेतल्या शेडमध्ये, लॉनमोवरशेजारी धूळ खात पडलोय. हळीव केव्हाच वाळले. गिरीश अधूनमधून पुठ्ठा घेऊन येतो आणि भोकाचं माप घेतो. खोड जात नाही! गिरीश, बाबा रे, पाया पडतो, ते बुजवू नकोस. बेट तिच्याकडेच राहू दे.