फणीचा नेम

मनकर्णाबाई लेकीची वेणी घालायची ती कोठीत, दार लोटून. घरातल्या बायांना वाटे, दृष्ट लागू नये म्हणून. पोरीचे केस होतेच तसे, कमरेखाली उतरलेले, पेड वळला तर मनगटाएवढा. त्यामुळे दृष्टीचं कारण मनकर्णाबाईला आयतंच मिळालं होतं. खरं कारण ज्वारीच्या कणगीमागे चिंधीत बांधून ठेवलेलं असे.

लेकीचे, द्वारकीचे केस न्हाण येण्याआधीच पांढरे व्हायला लागले होते. आधी भांगाच्या दोन्ही अंगांना, मग कानांमागे. मनकर्णाबाईच्या माहेरी हे रक्तातच होतं. तिच्या आईचं डोकं पहिल्या बाळंतपणाच्या आत कापसासारखं झालेलं. मनकर्णाबाईला सोडून ते लेकीवर उतरलं. नवऱ्याच्या, इंद्रभानच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. पोरगी सावळी. पांढऱ्या केसांची सावळी पोर कोण पदरात घेणार?

लोखंडी कढईत आवळकाठी भिजवून झाली, माक्याचा रस झाला. पांढरा केस तांबूस व्हायचा, काळा काही व्हायचा नाही. मग गावातल्या बायांबरोबर वाशीमला बालाजीच्या दर्शनाला गेली असताना तिने अत्तर-सुरमा विकणाऱ्याकडून कलपाची काळी भुकटी घेतली. देवाच्या पायरीशी आपण हे लपवून घेतो आहोत याची तिला लाज वाटली, पण घेतली. पुढच्या पुड्या जऊळक्याची कासारीण बांगड्यांच्या टोपलीत तळाशी घालून आणून देई.

भुकटीने केस कावळ्याच्या पंखासारखे झाले. त्याच महिन्यात शेलूबाजारहून बबनरावांच्या घरची माणसं त्यांच्या मुलासाठी, जगदेवसाठी पोरगी पाहायला आली. या लोकांत पोरीला नाव-गाव विचारून भागत नाही. बाया तिला आतल्या खोलीत नेतात आणि वेणी सोडून पाहतात. गंगावन आहे का, डोक्यात काही रोग आहे का, सगळं पारखून घेतात. बबनरावांची बायको चतुराबाई हिने स्वतःच्या हाताने वेणी सोडली, केसांत बोटं घातली आणि बाकीच्यांना म्हणाली, "रंगानं उनी हाय, पन केसाची लक्ष्मी हाय पोरगी."

सुपारी फुटली. तुळशीचं लग्न लागलं की हळद लावायची असं ठरलं.

पण केस काही सुपारीसाठी थांबत नाहीत. पंधरवडा गेला की भांगात पांढरी रेघ उमटे, कोणी रांगोळीची ओळ ओढावी तशी. पुन्हा पुडी, पुन्हा कालवणं. चौथ्या-पाचव्या वेळेपासून द्वारकीचं डोकं चुरचुरू लागलं. कानामागे पुरळ आलं, ते फुटून चिकट पाणी येऊ लागलं. केस कडब्यासारखे झाले. फणी फिरवली की मधूनच तुटत आणि तुटताना त्यांचा बारीक आवाज होई. तो आवाज आधी मनकर्णाबाईला ऐकू येई, पोरगी मागाहून कण्हे.

तिने उपचार सोडले असं नाही. जवस उकळून, फडक्यातून गाळून त्याचं बुळबुळीत पाणी ती केसांना लावी. जखमेवर कोरफडीचा गर. शिकेकाईने झोंबतं म्हणून ताकाने न्हाऊ घालणं. फणी निंबाच्या लाकडाची, तीही खालून वर, बट वरच्या बाजूला मुठीत धरून, म्हणजे मुळाला ओढ बसू नये. भुकटीला थोडी सवड दिली की केस ऐकत. हाताला मऊ लागत, तुटणं कमी होई. पण तेवढ्यात पांढरं वर येई, आणि घरात विधवा नणंद प्रयागबाई होती, तिची नजर तीक्ष्ण. मग पुन्हा पुडी सोडायची. एका हाताने फुंकर घालायची आणि दुसऱ्याने निखारा ठेवायचा, असं चाललं होतं.

द्वारकी एकदाच बोलली. "आई, पांढरे राहू दे ना व. मले चालतात."

"तुले चालतात, माय. तुया सासूले नाई चालत."

एकदा लग्न लागलं, मांडीवर लेकरू आलं, की मग होईनात का पांढरे, असं मनकर्णाबाई मनाशी म्हणे. तोवर केसांनी तग धरावा एवढंच तिचं मागणं होतं.

ती नेमाची बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट नाही, शुक्रवारचा उपास, आणि घट बसले की नऊ दिवस डोक्याला फणी नाही, तेल नाही. हा शेवटचा नेम आजवर ती एकटीच करी. या वर्षी घटापुढे हात जोडून ती बोलली, "माय, पोरीचे केस धड कर. या खेपेले आमी दोघी नेम धरतो." मनातून तिला हायसंही वाटलं होतं, नऊ दिवस फणी नाही, म्हणजे नऊ दिवस तुटणं नाही. फक्त सणासुदीत आल्या-गेल्याच्या नजरेला पांढरं पडू नये म्हणून घट बसायच्या आदल्या दिवशी तिने भुकटी जरा जाडच लावली आणि केस नीट सुकायच्या आत आंबाडा बांधून टाकला.

दसऱ्याला सकाळी कोठीत तिने आंबाडा सोडला. तो सुटला नाही. उजव्या कानामागे मुठीएवढा गोळा झाला होता. जखमेचं पाणी, वाळलेली भुकटी आणि मोडलेले केस एकमेकांत असे बसले होते, की घोंगडीच्या लोकरीसारखं सगळं एकजीव. तिने बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना. तेवढ्यात प्रयागबाई सूप न्यायला दार ढकलून आत आली. सणाच्या गडबडीत कडी लावायची राहिली होती.

प्रयागबाईने पाहिलं. हातातलं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर ओढला आणि भाचीपुढे हात जोडले.

"आई आली," ती हळूच म्हणाली. "मनकर्णे, फनी ठेव खाली. जट हाय ते."

दुपारपर्यंत गावातली आराधीण आली. माहूरच्या रेणुकाआईची परडी घेऊन जोगवा मागणारी म्हातारी बाई. तिने गोळ्यावर भंडारा वाहिला आणि सांगितलं, की याला फणी लावायची नाही, कातर तर लावायचीच नाही. आईने पोरगी मागून घेतली आहे. पुढच्या मंगळवारी पोरीने परडी घेऊन पाच घरं मागावीत, पहिलं घर आपलंच. इंद्रभान दाराच्या चौकटीला धरून उभा होता. जिने दिली तीच मागते आहे तर आपण कोण, एवढंच तो म्हणाला आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. द्वारकी पाटावर बसून आईकडे पाहत होती. भुकटीचं दोघीच जाणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळे कापूस वेचायला गेल्यावर तिने तिळाचं तेल कोमट केलं, गोळ्यात जिरवलं आणि दाभणाच्या टोकाने कडेचा एकेक केस सोडवायला बसली. उन्हं उंबऱ्यापासून कणगीपर्यंत आली तेव्हा बोटाच्या पेराएवढा भाग मोकळा झाला होता.

"सुटून राह्यलं का, आई?"

"सुटते व, माय. हलू नोको."

दोन-चार दिवस असे मिळाले असते तर सुटलंही असतं. पण प्रयागबाई अंगात कसर वाटते म्हणून वावरातून अर्ध्यातच परत आली. ती ओरडली नाही. तिने वहिनीच्या हातातलं दाभण काढून घेतलं आणि मटकन खाली बसून रडायला लागली. तिच्या सासूने एकदा घरातल्या दुसऱ्या सुनेची जट कापली होती आणि त्याच सालात प्रयागबाईचं कुंकू गेलं होतं. "माह्यं जायचं ते गेलं," ती म्हणाली, "माह्या भावाले तरी राहू दे." मनकर्णाबाईने तेलाची वाटी झाकली.

शेलूबाजारला निरोप गेलाच होता. चतुराबाई बैलांच्या दमणीतून आली. ओसरीवर बाया दाटीने बसल्या, आराधीण मधोमध. सगळ्यांच्या देखत मनकर्णाबाई उठली. आजवर ती चारचौघींत कधी बोलली नव्हती. आवाज इतका बारीक लागला की मागच्या बाया पुढे सरकल्या. तिने सगळं सांगितलं. माहेरचं, वाशीमच्या भुकटीचं, जखमेचं, नवरात्रात फणी न लावल्याचं. कणगीमागची चिंधी आणून चतुराबाईपुढे सोडली. पोर पसंत करताना मी तुम्हाला फसवलं, म्हणाली. लग्न मोडा, पण ही जट नाही, तेवढं माझ्या पोरीला सोडवू द्या.

चतुराबाईने भुकटी हुंगली. मग द्वारकीचा पदर मागे करून भांग पाहिला. तिथे आता बोटभर पांढरा पट्टा आला होता.

"विहीनबाई, या केसात मी माह्या हातानं बोटं घातली होती. काळे होते."

"रंगवलेले होते."

"वरून रंग देला तर मुळाशी पांढरं कसं?"

"मुळाशी नवे येतात ना, ते तसेच येतात."

आराधीण शांतपणे म्हणाली, "पांढरंबी रेणुकाआईनंच केलं अन् जटबी तिनंच देली. दसऱ्याच्या दिवशीच कशी देली मंग?"

बाया माना हलवू लागल्या. कोणी तरी मागून पुटपुटली, "लेकीपायी मी तर म्हनलं असतं डांबर फासलं." दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या, त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. आईची माया आहे, ती काय म्हणणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं. मनकर्णाबाईने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. नेमाची, उपासाची, कधी खोटं न बोलणारी म्हणून गाव तिला ओळखत होतं, आणि आज पहिल्यांदा खोटं बोलते आहे म्हणून तिची कीव करत होतं.

चतुराबाई उठली. आता ती रागावेल, बोल लावेल, असं मनकर्णाबाईला वाटलं. तिला ते हवंच होतं. चतुराबाईने द्वारकीला हळद-कुंकू लावलं आणि वाकून होणाऱ्या सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. "आईचं मानूस मी संसाराले कशी नेऊ?" म्हणाली. दमणी निघून गेली.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाई देवापुढे दिवा लावून बसली. आई, तू आली नाहीस, हे त्यांना सांग, असं तिला म्हणायचं होतं. पण घटापुढे हात जोडून मागितलं कोणी होतं? पोरीचे केस धड कर, हे शब्द कोणाचे होते? हे आईचं उत्तर नव्हेच, असं छातीवर हात ठेवून तिला म्हणवेना. वातीवरची काजळी झाडून ती उठली.

मंगळवारी द्वारकी परडी घेऊन दारात उभी राहिली. मागायचे शब्द आराधणीने शिकवले होते, ते तिच्या तोंडून निघेनात. मनकर्णाबाईने पसाभर पीठ आणलं. एका हाताने पोरीची परडी धरली आणि दुसऱ्याने पीठ घातलं.

होळीपर्यंत जळके केस आपसूक गळून गेले. जखमा वाळल्या. भुकटी नाही, ओढाताण नाही. नवे केस दाट आले, मऊ, तजेलदार, पांढरे. जट मात्र खांद्यावर जड होऊन लोंबू लागली. तिला हात लावायचा नव्हता. पण डाव्या बाजूला लावायला मनाई नव्हती, म्हणून शुक्रवारी उपास सोडण्याआधी मनकर्णाबाई जवसाचं पाणी गाळी आणि तेवढ्याच अंगाला बोटांनी जिरवी. आता दार लोटायचं कारण उरलं नव्हतं. ती ओसरीवरच बसे.

"आता कसे हायत व, आई?"

"चांगले झाले, माय," ती म्हणे. आणि ते खरंच होतं.

निंबाची फणी कणगीमागे, त्याच चिंधीत बांधलेली होती.