भागिरथाबाईंचा कारंज्याचा कार्यक्रम

वाशीमला पाटणी चौकामागच्या गल्लीत सैफुद्दीनचं शिलाईचं दुकान आहे. तिथं कपडे चांगले शिवून मिळतात, वेळेवर मिळत नाहीत. सैफुद्दीनला गाण्यावर बोलायचं असतं आणि बोलताना त्याचा मशीनवरचा पाय थांबतो. गिऱ्हाइकांना हे माहीत आहे. लग्नाचा सफारी शिवायचा असेल तर शहाणी माणसं साखरपुड्याच्या आधीच माप देऊन जातात.

बोलायला रोजची दोन माणसं. एक मोहनसिंग राठोड, ट्रॅक्टरवाला. जगातली कुठलीही गोष्ट सांगायला लागला तरी तिच्यात तो ट्रॅक्टर घुसवतो. दुसरा आपला ग्यानबा. मूळ आसेगावचा, पंचायत समितीत शिपाई म्हणून एकतीस वर्षं काढून रिटायर झालेला. तिघंही भागिरथाबाईंच्या गायन पार्टीचे भक्त. भागिरथाबाई म्हणजे बाबासाहेबांची गाणी म्हणणार, कव्वालीही म्हणणार, आणि सामन्याला उभ्या राहिल्या की समोरच्या कव्वालाला घाम फोडणार. बाई जाऊनही आता नऊ वर्षं झाली. भांडण मात्र अजून ताजं.

मोहनसिंगच्या मते बाईंची पहिली कॅसेट, निळ्या कव्हरची, तिच्यापुढं सगळं पाणी. ग्यानबा म्हणायचा, दुसरी भारी होती, पण कंपनीनं तिच्यात कॅसिओ घालून वाटोळं केलं. सैफुद्दीन दोघांनाही मोडीत काढायचा.

"कॅसेटीत बाई खोकलत नाही," तो म्हणायचा. "मंग ते गानं कायचं?"

बाईंच्या विरोधात गाणाऱ्या गोविंदा पार्टीचं नाव कोणी काढलं तर सैफुद्दीन कात्री खाली ठेवायचा आणि त्या माणसाचं माप घ्यायला नकार द्यायचा. असं दोनदा झालेलं आहे.

पण सगळ्या वादावरचा शेवटचा शब्द म्हणजे कारंज्याचा कार्यक्रम. सत्त्याण्णव साल, जयंतीचा महिना, भागिरथाबाई विरुद्ध खानदेशातला एक कव्वाल. जो तिथं होता त्याचं म्हणणं खरं, असा दुकानाचा कायदा. आणि तिघंही तिथं होते. ग्यानबानं तर सगळ्यांत आधी सांगितलं होतं. पाच हजार पब्लिक, बाई हिरव्या लुगड्यात, उजाडेपर्यंत गाणं. गल्लीतली नवी पोरं, शेजारचा घड्याळवाला, कोणीही आला की म्हणायचा, "ग्यानबाभाऊ, ते कारंज्याचं सांगा ना." एकतीस वर्षं पंचायत समितीत त्याला लोकांनी "साहेब आहेत का" याच्यापलीकडं काही विचारलं नव्हतं. इथं विचारायचे. तो मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

आता खरं काय ते सांगतो.

त्या दिवशी आसेगावात ग्यानबाच्या साळ्याची हळद होती. बायको, गंगू, नको नको म्हणत असताना ग्यानबा भरल्या मांडवातून उठला आणि कारंज्याची यष्टी धरली. "अशी बाई पुन्हा आयकायले भेटत नाई," असं सासऱ्याच्या तोंडावर सांगून. मैदानात दोन तास बसला. साडेदहाला कमेटीचा माणूस माइकवर आला आणि म्हणाला, बाईंची तब्येत बिघडली, त्या अकोल्यालाच आहेत, समोरचे कव्वालही निघून गेले, कार्यक्रम रद्द. गाणं गेलं ते गेलंच, पण आता घरी जाऊन सांगायचं काय? सासुरवाडीसकट सगळं गाव हसलं असतं. तो मुकाट्यानं स्टँडवर गेला, मच्छरांसाठी दुपट्टा कानावरून घट्ट गुंडाळला आणि बाकड्यावर आडवा झाला. सकाळी घरी जाऊन म्हणाला, काय सांगू, बाईनं रात्रभर जागवलं. गंगू आठ दिवस बोलली नाही. पण कोणी हसलं नाही.

त्याच साली पुढं वाशीमला बदली झाली, सैफुद्दीनच्या दुकानाची ओळख झाली, आणि ग्यानबानं कारंज्याचं सांगितलं तर हे दोघं बहाद्दर म्हणतात, आमीही होतो! सैफुद्दीन म्हणे, मी दुकान बंद करून ट्रकनं उशिरा पोचलो, पब्लिक पन्नासच होतं. मोहनसिंगनं तर कहरच केला. म्हणे, बाईची जीप रस्त्यात बंद पडली होती, मीच माझ्या ट्रॅक्टरवर आणलं तिले. आणि दोघांची एक गोष्ट ठरलेली. समोर कव्वालच नव्हता, म्हणून बाईनं सवालही स्वतः टाकला आणि जवाबही स्वतःच दिला. सामन्यात एकानं गाण्यातून कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं असतं. आता एकटी बाई सामना कसा गाईल? कुस्ती काय एकट्यानं खेळतात?

ग्यानबाला हे ऐकताना मनातून गुदगुल्या व्हायच्या. न झालेल्या कार्यक्रमावर हे दोघं अठ्ठावीस वर्षं पदरचं घालून बोलत होते, आणि हे फक्त त्याला ठाऊक होतं. पण बोलता येत नव्हतं. त्यांना उघडं पाडायचं तर आधी स्वतः उघडं पडावं लागलं असतं. तरी तिघांत खरा माणूस आपणच, असं त्याला मनापासून वाटायचं. खोटं बोलतोय हे त्याला निदान माहीत तरी होतं.

आणि मग मोईनचा फोन आला.

मोईन कारंज्याचा, मंडप आणि साउंडवाला. त्याच्या वडिलांचा माइक त्या कार्यक्रमाला होता. वडील जिथं माइक लावायचे तिथं टेपही लावून ठेवायचे. घराला रंग देताना त्यांच्या पेटीत एक कॅसेट सापडली. वर वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं, भागिरथाबाई, कारंजा, ९७. रविवारी घेऊन येतो म्हणाला.

सैफुद्दीननं आनंदानं मशीनच बंद करून टाकलं. मोहनसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. नाटकं पाहा लेकाची, ग्यानबाला वाटलं, आणि त्याच वेळी स्वतःचं आठवलं. कॅसेट लागणार, कार्यक्रम रद्द झाल्याचं निघणार, आणि मग सगळी गल्ली विचारणार, पहिल्यांदा सांगितलं कोणी? तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. गंगूनं विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी.

रविवारी सकाळी दुकानात मोईननं जुना टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. इस्तरीचा प्लग काढून त्याचा लावला. कॅसेट लागली. खरखर झाली, मग माणसांचा गलबला, आणि मग तोच आवाज. बाईंची तब्येत बिघडली आहे. कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे. बंधू-भगिनींनी शांततेनं घरी जावं.

सैफुद्दीननं मोहनसिंगकडं पाहिलं. मोहनसिंगनं सैफुद्दीनकडं.

"हे कवा झालं?" सैफुद्दीन म्हणाला.

ग्यानबाला त्यांची दया आली. खरंच आली. एवढ्या वर्षांचे दोस्त, आता तोंडावर आपटले. आपणच समजुतीचं बोलावं म्हणून त्यानं घसा साफ केला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "झाले आता लय वर्सं. मानसाच्या हातून होते असं."

"काय होते?" मोहनसिंगनं विचारलं.

"थांबा काका," मोईन म्हणाला. "पुढं हाय अजून. अब्बानं टेप मधात बंद केली होती."

खट् असा आवाज झाला. मग पेटीचा एक सूर, ढोलकीवर दोन थापा, आणि बाई खोकलल्या.

"कोनी सांगतलं बे मी बिमार हाव म्हनून?" बाई माइकवर म्हणाल्या, आणि थोडीशीच माणसं हसली. पन्नास असतील. "जीप बंद पडली माही. भलं होवो त्या मोहनसिंगभाऊचं, ट्रॅक्टरवर आनलं मले. बसा आता. कव्वालसाहेब तं पळाले. त्यायचा सवालही मीच टाकतो आन् माहा जवाबही मीच देतो."

आणि बाईंनी दिला. आधी कव्वालाच्या ढंगात सवाल, खर्जात, त्याची नक्कल करून. मग स्वतःच्या आवाजात जवाब, असा वर चढवलेला की टेपरेकॉर्डरचा भोंगा फाटायला आला. मधे चिठ्ठी वाचली. वाशीमचे सैफुद्दीन टेलर, यांची फर्माइश.

सैफुद्दीननं गळ्यातली मापाची पट्टी काढली आणि डोळे पुसले.

ग्यानबा स्टुलावर बसून राहिला. स्टँड ते मैदान, चालत दहा मिनिटं. तो त्या मैदानापासून दहा मिनिटांवर घोरत पडला होता, आणि बाई आल्या होत्या. ह्या दोघांचा शब्दन् शब्द खरा होता. ट्रॅक्टरसुद्धा खरा. खोटा माणूस एकच होता. त्याला रडूच यायला लागलं. लाजेचं थोडं, पण जास्त त्या गाण्याचं. असं गाणं व्हायचं होतं आणि आपण उठून गेलो.

"ग्यानबाकाका," मोईननं विचारलं, "तुमी कुठं बसले होते?"

"मी नव्हतो," ग्यानबा म्हणाला. "रद्द झालं म्हनले तं उठून गेलो. स्टँडवर झोपलो होतो. मी काईच आयकलं नाई. सगळ्यायले खोटं सांगतलं."

मोहनसिंग हसायला लागला.

"याले पाहा! काहून मस्करी करून राह्यला बे? माह्या ट्रॅक्टरजवळच तं उभा होता तू. डोक्यावर हेच टोपी."

"मंग बाजूले येऊन बसला नव्हता का माह्या?" सैफुद्दीन म्हणाला. "माचिस मांगतली होती मले."

"सैफुद्दीनभाऊ, मी बिडीच पीत नाई."

"तवा पीत होता. तुले आठवत नाई."

ग्यानबानं गंगूची शपथ घेतली. दोघांनी ती मनावर घेतली नाही. अठ्ठावीस वर्षं त्यानं इतकं पक्कं सांगितलं होतं की तो त्यांना तिथं बसलेला दिसत होता, आणि दोघांनी पाहिलेला माणूस नाही म्हणून कसं चालेल? ग्यानबानं मग सोडून दिलं. त्याला वाद घालायचा नव्हता. बाईंनी दुसरा सवाल टाकला होता आणि जवाब यायचा होता.

पण तोवर मोहनसिंगला ढोलकीवाला आठवला होता. तो अकोटचा होता म्हणे. सैफुद्दीन म्हणाला, मूर्तिजापूरचा. मोहनसिंग म्हणाला, मी त्याले ट्रॅक्टरवर बसवलं, मले सांगतं का. दोघांचा आवाज चढत गेला. त्या आवाजाखाली बाई गात होत्या आणि एकही शब्द धड ऐकू येत नव्हता.

ग्यानबानं स्टूल पुढं ओढलं आणि कान टेपरेकॉर्डरला लावला.

"चूप बसा ना बापा थोडं," तो म्हणाला. "मले आयकू द्या."

सैफुद्दीननं हात झटकला.

"तुले कायले आयकाचं? तू तं होता ना तिथं."