मला उकळलं तेव्हा

मी एक जुना स्पंज आहे, मित्रांनो. काळा, बुळबुळीत, मुठीएवढा. माशांच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये, एका कोपऱ्यात माझं बिऱ्हाड आहे. तुम्ही काचेला नाक लावून मासे बघता, हिरवी पानं बघता आणि माझ्याकडे नजर गेलीच तर नाक मुरडता. खुशाल मुरडा. पण आज थोडं माझंही ऐका.

कारखान्यात एका मोठ्या लादीतून मला कापलं आणि पिशवीत घालून दुकानात टांगलं. तेव्हा मी स्वच्छ होतो, देखणा होतो आणि अगदी बिनकामाचा होतो. तिथून मला एका सूनबाईंनी घरी आणलं. त्या बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसत. स्पंज हवा होता त्यांच्या सासऱ्यांना.

सासरे काचकाम करायचे. उभा जन्म त्यांनी लोकांसाठी माशांच्या टाक्या बनवल्या, पण स्वतःच्या घरात एकही ठेवली नाही. वेळच मिळाला नाही म्हणे. काच घासून घासून धूळ छातीत बसली आणि शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. नाकाला नळी लागली. त्यांनी जोडलेली शेवटची टाकी कुणी घ्यायला आलं नाही, ती पलंगासमोर मांडली. "यात मासे फिरताना बघायचेत मला," एवढंच ते म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, की आता फार दिवस नाहीत. सूनबाईंनाही ते कळलं होतं. मला वाटतं, म्हाताऱ्यालाही.

मुलगा इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं साफ करायचा. धुवायचं, उकळायचं, वाफेत घालायचं, हेच त्याचं काम. जंतू म्हटला की त्याच्या कपाळावर आठी पडे. बापाच्या खोलीत शिरताना तो कोपरापर्यंत हात धुई. माणूस लाखातला होता, पण उतावळा. टाकीत माती, झाडं आणि पाणी पडलं त्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, आजच आणतो मासे. दुकानदार द्यायला तयार आहे."

"थांब रे," म्हातारा म्हणाला. "चूल पेटायच्या आधी पाहुणे बोलावतोस काय?"

चूल म्हणजे मीच, मित्रांनो. मासा पाण्यात घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि त्यानेच मासा मरतो. ते विष खाणारे जंतू पाण्यात असावे लागतात. डोळ्यांना न दिसणारे हे जीव माझ्या भोकाभोकांत घर करतात, पण सावकाश. म्हणून म्हातारा मासे नसलेल्या टाकीत अमोनियाचे थेंब टाकायला लावी, म्हणजे जंतूंना खायला मिळे. ते थेंब कशासाठी, हे मुलाने कधी विचारलंच नाही. सूनबाई कामावरून आल्या की काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषध टाकत आणि नळी म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर धरत. पाणी हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर साफ.

कितीतरी दिवस ते हिरवंच होत राहिलं. झाडांची जुनी पानं कुजून तळाशी बसली. काचेवर तपकिरी राप चढला. टाकी इतकी भयाण दिसू लागली, की मुलगा तिच्याकडे पाठ करून जेवायचा. इकडे म्हाताऱ्याचं बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. तरी नळी दाखवल्यावर तो मान हलवी, आणि सूनबाईंना कळे, अजून नाही. मी मात्र हळूहळू काळा होत होतो, बुळबुळीत होत होतो. ती माझी कमाई होती.

मग एका संध्याकाळी पाणी पिवळं राहिलं. जंतूंनी अमोनिया खाल्ला की त्याचं आधी दुसरं विष बनतं, तेही आता उरलं नव्हतं. झाडांना नवे कोंब फुटले होते. म्हातारा हसला. "उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कामावरून परस्पर मासे आणायला गेल्या. मुलाने सुट्टी काढली होती. वडील झोपले होते. आज बाबांचा दिवस, सगळं कसं लख्ख हवं, असं म्हणत त्याने काचा घासल्या, सगळं पाणी उपसून नळाचं ताजं भरलं. मग त्याने फिल्टर उघडला आणि मी त्याच्या हाती लागलो. बापाच्या उशाशी एवढी घाण बघून त्याच्या अंगावर काटा आला. त्याने मला नळाखाली पिळलं, साबण लावला आणि पातेल्यात घालून उकळलं. फार मायेने उकळलं, मित्रांनो. माझ्यातलं एकूण एक बिऱ्हाड मेलं आणि मी पुन्हा दुकानातल्यासारखा देखणा झालो.

मासे आले. लालचुटूक, छोटे, थवाच्या थवा. म्हाताऱ्याने ते एक संध्याकाळ डोळे भरून बघितले. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सूनबाई पाणी बदलत राहिल्या, पण तिसऱ्या दिवसापासून मासे उलटे तरंगू लागले. पलंगावरून म्हाताऱ्याला दुसरं काही दिसत नव्हतं. तोही तसाच तोंड उघडून श्वास घेत होता.

सूनबाईंनी नळी धरली. पाणी गडद हिरवं.

"स्पंज दाखव," म्हातारा म्हणाला.

मला बाहेर काढलं. मी लाजेने मरायचा बाकी होतो.

"तो मी उकळून घेतलाय, बाबा," मुलगा म्हणाला. "तुमच्या उशाशी जंतू नकोत म्हणून."

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. सूनबाई काही बोलणार, तोच त्याने बोट हलवून त्यांना थांबवलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मासेच आजारी असतील."

सगळे मासे गेल्यावर सूनबाईंनी पुन्हा थेंब टाकायला सुरुवात केली, पण चूल पेटायला लागतो तेवढा वेळ लागतोच. पाणी हिरवं असतानाच म्हातारा गेला.

नंतर मुलगा रागारागाने दुकानदाराकडे गेला. आजारी मासे गळ्यात मारलेस, माझा बाप मेलेले मासे बघत गेला, असं त्याने भर दुकानात सुनावलं. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्पंजाचं काय केलं होतं?"

घरी येऊन तो चपला न काढताच टाकीसमोर बसला.

"बाबांना माहीत होतं?"

"होतं," सूनबाई म्हणाल्या.

"मग बोलले का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने केलं होतंस."

तो रडला नाही. अमोनियाची बाटली त्याने स्वतःकडे घेतली आणि रिकाम्या टाकीत थेंब टाकले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. टाकीत मासे आहेत, झाडं पाण्याच्या वर गेली आहेत. मला धुवायचं काम तो कुणालाही करू देत नाही. टाकीतलंच पाणी बादलीत घेतो, त्यात मला हलकेच एकदा दाबतो आणि जागेवर ठेवतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणासाठी काही करायचं मनात आलं, तर आधी त्यालाच विचारा. त्या दिवशी ज्याला विचारायचं, ते माणूस चार पावलांवर झोपलं होतं. हाक मारली असती तर उठलं असतं. पलंग होता तिथे आता खुर्ची आहे. मला जागेवर ठेवून झालं, की मुलगा तिच्यावर बसतो आणि बापाच्या जागेवरून मासे बघतो.