मोटारीच्या छताचे जुने अस्तर

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या छताचे अस्तर आहे. मोटारीत बसलात की तुम्ही खिडकीतून बाहेर बघता आणि भोंगा वाजवायला तुमचे हात शिवशिवतात. डोक्यावर ताणून बसवलेल्या कापडाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ते कापड म्हणजे मी. माझ्या पाठीशी छताचा पत्रा होता आणि पोटाखाली माणसांची डोकी. पत्र्याचा ताप आपण सोसायचा आणि खालच्यांना सावली द्यायची, एवढेच माझे काम.

माझी वीण परदेशातल्या कुठल्याशा गिरणीत पडली. रंग सायीसारखा आणि स्पर्श मऊ लोकरीचा. नागपुरात धंतोलीला राहणाऱ्या मनोहरराव वकिलांनी ही काळी मोटार घेतली, तेव्हा शेजारीपाजारी दाराशी वाकून आत डोकावत. एखादा हात वर करून मला चाचपायला जाई. मनोहरराव म्हणत, "हात धुऊन या आधी." मला फार बरे वाटे.

मी माणसांना वरूनच ओळखत असे. मनोहररावांची काळी टोपी आणि त्यांच्या लेकीच्या दोन वेण्यांमधला सरळ भांग मला पाठ होता. पुढे त्या वेण्यांचा अंबाडा झाला, लेक डॉक्टर झाली. मनोहरराव गेले आणि मोटार त्यांच्या लेकीकडे, इंदुताईंकडे आली. नागपुरातला दवाखाना सांभाळून त्या दर आठवड्याला खापरखेड्याला जात. तिथल्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या बायका त्यांची वाट बघत असत.

पण नागपूरच्या उन्हाळ्यांनी माझा दोरा कुजवला. आधी मधोमध पोट सुटले, मग मागची शिवण गेली. इंदुताई एका हाताने मोटार चालवत आणि दुसऱ्या हाताने मला वर ढकलत. एकदा सीताबर्डीच्या गर्दीत मी थेट त्यांच्या तोंडावर येऊन पडले. समोर सायकलरिक्षा होती. ब्रेक करकचून लागला आणि कुणाला काही झाले नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्यांच्यावर सावली धरायची, त्यांचेच डोळे मी झाकले होते.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात इंदुताईंनी ओमप्रकाशला घरी बोलावले. मोटारींच्या गाद्या शिवणे हा त्याचा धंदा. त्याने मला चिमटीत धरून पाहिले.

"बाई, असं कापड आता कुठंच भेटत नाही. रेक्झिन लावून देतो. पुसलं का झालं."

"रेक्झिन उन्हात तापतं आणि वास मारतं," इंदुताई म्हणाल्या. "मला कापडच पाहिजे."

त्यांना उमरेडच्या जिजाबाईची आठवण झाली. जिजाबाई मागावर लुगडी विणत असे आणि दुखण्याखुपण्याला इंदुताईंकडेच येत असे. निरोप मिळताच ती एसटीने आली. मोटारीत शिरून सीटवर उताणी पडली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. इतके निरखून मला आजवर कुणी पाहिले नव्हते.

"हे अख्खं नाही वं बाई," ती म्हणाली. "पट्टे जोडले हायेत. एवढा पन्हा तं माह्या मागावर निंगते."

मग ओमप्रकाशने मला उतरवायला घेतले. काचांभोवतीचे रबर काढले, कडांचे बारीक खिळे एकेक करून उपटले. माझ्या प्रत्येक जोडाला पाठीमागून एक लांब नेफा होता आणि त्यातून पोलादी कमान ओवलेली होती. त्या कमानींवरच मी टांगलेले होते. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा असतो, म्हणून ओमप्रकाश एकेक काढून तिच्यावर खडूने खूण करत होता. शेवटची कमान निघाली आणि मी त्याच्या खांद्यावर सैल होऊन पडले. आत छताचा पत्रा उघडाबोडका दिसू लागला.

जिजाबाईने मला रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि अंगणातल्या बाजेवर वाळत घातले.

मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? जन्मभर मी खाली बघत आले होते. आता मी खाली होते आणि वर आभाळ होते. मला वाटत असे की छत म्हणजे मीच. आणि हे छत तर कुठेच शिवलेले नव्हते. त्याला जोड नव्हता, कमान नव्हती, कडा नव्हती. एक घार त्यात फिरत होती आणि ते तिला कुठूनही पुरून उरत होते. मला माझे सायीसारखे कोवळे दिवस आठवले आणि तो सगळा तोरा गळून पडला.

इतक्यात घरातला फोन वाजला. खापरखेड्याहून रुपराव बोलत होता. तो वीज केंद्रात कामाला होता. त्याच्या बायकोला, पंचफुलाला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. बाळ पायाळू आहे, पहिली कळ येताच तिला नागपूरच्या इस्पितळात आणा, असे इंदुताईंनी बजावून ठेवले होते. पण कॉलनीतली जीप बाहेरगावी गेली होती. इंदुताई पिशवी घेऊन मोटारीकडे धावल्या.

"बाई, टिनाले हात लावून पाहा," ओमप्रकाश म्हणाला. "आतमंधी माणूस भाजून निंगन."

तेवढ्यात जिजाबाईने मला बाजेवरून ओढले, हौदात बुचकळले आणि तसेच बादलीत भरले.

"हे वल्लं करून वर धरू. मले घ्या संगं," ती म्हणाली.

खापरखेड्याला पोहोचून पंचफुलाला मागच्या सीटवर निजवले, तेव्हा आत श्वास घेववत नव्हता. तिचे डोके जिजाबाईच्या मांडीवर होते. रुपराव पुढच्या सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसला. माझी एक बाजू जिजाबाईने धरली, दुसरी त्याने. मोटार निघाली. खिडक्यांतून शिरणारी लू माझ्या ओल्या अंगाला लागून वाळ्याच्या पडद्यातून यावी तशी गार होत होती. जिथे पोलादी कमानी होत्या, तिथे आता चार हात होते. ते दुखत असतील, पण खाली आले नाहीत.

"गार लागून राहिलं," पंचफुला डोळे मिटून म्हणाली.

कोराडीच्या अलीकडे ती जोरात कण्हली. इंदुताईंनी मागे वळून पाहिले आणि मोटार रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली घेतली.

"आता इथंच," त्या म्हणाल्या. "रुपराव, दारावर हे कापड धरा. ऊन आत येऊ देऊ नका."

रुपराव बाहेर उभा राहिला आणि त्याने मला उघड्या दारावर मांडवासारखे धरले. माझ्या सावलीत इंदुताई मातीत गुडघे टेकून बसल्या. माणूस म्हणजे आधी डोके, हे मी जन्मभर पाहिलेले. हे माणूस मात्र आधी पाय घेऊन आले. एवढेसे पाय, त्यांना नखेसुद्धा होती. मग डोक्याशी येऊन सगळे अडले.

"पंचफुला, माझ्याकडे बघ," इंदुताईंचा आवाज शांत होता. "मी सांगेन तेव्हाच जोर लाव."

जिजाबाईने पंचफुलाचा हात घट्ट धरला. रुपरावने माझी टोके मुठींत आवळली होती. तो मान फिरवून उभा होता. बघायचा त्याला धीर नव्हता. बघत होते मी. इंदुताईंनी सांगितले, पंचफुलाने जीव एकवटला, आणि ओले काळे जावळ असलेले ते डोके बाहेर आले. किती डोकी मी पाहिली होती. पण डोके जगात येताना मी कधी पाहिले नव्हते.

बाळ निळसर होते आणि रडत नव्हते. इंदुताई त्याची पाठ चोळत होत्या, तोंडातले पुसून काढत होत्या, हळूच फुंकर घालत होत्या. रस्त्याने एक ट्रक गेला. आणि मग ते रडले. आवाज बारीक होता, पण त्या तापलेल्या दुपारी आणखी काहीच ऐकू येईनासे झाले.

"बाई," रुपरावने मान न वळवता विचारले, "हाये ना?"

"दोघीही आहेत," इंदुताई म्हणाल्या.

रुपराव मला धरून तसाच उभ्या उभ्या रडला.

मायलेकी इस्पितळात सुखरूप पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशने मला पुन्हा बाजेवर अंथरले. झटक्यात फाडून मोकळे होता आले असते, पण तो ब्लेडच्या पातीच्या टोकाने एकेक टाका तोडत बसला. त्याने माझे पट्टे सुटे केले आणि त्यांच्यावरून जिजाबाईला मापे दिली. काही दिवसांनी तिने सुती कापड विणून आणले. नवे अस्तर कमानींवर चढले तेव्हा सुरकुतलेले होते. उन्हात मोटार उभी केल्यावर ते हळूहळू ताणून गुळगुळीत झाले. जिजाबाई आत बसून वर बघत राहिली.

"आजवर अंगावरचंच विनलं," ती हळूच म्हणाली. "डोक्यावरचं पहिल्यांदाच."

इंदुताईंनी तिला त्याच मोटारीतून एसटी स्टँडवर सोडले.

आता मी ओमप्रकाशच्या दुकानात खुंटीला असते. कुणी तशीच जुनी मोटार घेऊन आले, की तो माझे पट्टे नव्या कापडावर पसरतो आणि भोवतीने खडू ओढतो. मित्रांनो, तुमच्यावर ज्याने सावली धरली, ते कधीतरी जीर्ण होईल आणि उतरवावेही लागेल. तेव्हा ते ओढून फाडू नका. टाका टाका उसवा. नवे कसे बेतायचे, ते त्याच्याच कडांना ठाऊक असते.