जिभेचा उपास

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या गुरुवारी ही कल्पना मालिनीबाईंनीच मांडली होती. भोरमधल्या त्यांच्या घरी दर गुरुवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या मंडळीतल्या आठ-दहा बायका प्रार्थनेला जमायच्या.

"गोड सोडायचं, चहा सोडायचा, हे आपण दरवर्षी करतो," बाई म्हणाल्या. "यंदा जिभेचा उपास करू. चाळीस दिवस कुणाची उणीदुणी काढायची नाहीत, ऐकायचीही नाहीत. आणि नुसतं तोंड मिटून भागणार नाही हं. मनात कुणाविषयी काय शिजतंय, ते रोज संध्याकाळी प्रभूपुढं बसून तपासायचं."

बायकांना ते पटलं. बाईंचं म्हणणं सहसा सगळ्यांना पटायचंच. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंचा आवाज भरदार होता. त्या प्रार्थना करायला लागल्या की बायकांच्या डोळ्यांना पदर लागायचा. "प्रार्थना करावी ती बाईंनीच," असं सगळ्याजणी म्हणत. बाई ते हसून झटकून टाकत, पण ऐकायला त्यांना आवडायचं.

हिर्डोशीची रत्ना या गटात दोन वर्षांपूर्वी आली होती. तिचा नवरा गोरख भाताची आणि नाचणीची शेती करायचा. घर तिच्या आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती होतं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती भोरला यायची, बाजार करायची, प्रार्थनेला बसायची आणि चारच्या गाडीनं परत जायची. ती फारशी बोलत नसे, पण गाणं तिनं धरलं की बाकीच्या आपोआप हळू होत. तिची मुलगी शेफाली तेवीस वर्षांची. ती एसटी स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती.

उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात रत्ना तासभर आधीच आली. बाई स्वयंपाकघरात हरभरे सोलत होत्या. रत्नाही खाली बसून सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, येक बोलायचंय. पर तुमच्या-माझ्यातच ऱ्हाऊ द्या."

"बोल ना."

"शेफालीला कामथडीचं स्थळ आलंय. पोरगा कापूरहोळला ग्यारेजात हाय, आनंद नाव. मान्सं चांगली हायेत. येत्या रविवारी बघायला येणारेत."

"अगं, मग छानच झालं की."

"झालं खरं." रत्नानं हातातला घाटा तसाच धरला. "पर शेफालीला आकडी येती, बाई. म्हंजी यायची. सातवीत व्हती तवापास्नं. पुन्याच्या डाक्टरची गोळी चालू हाय. आता चार वर्सं झाली, येकदाबी आली न्हाई. गावात कुनाला म्हाईत न्हाई. सांगू का नगं त्यास्नी?"

"सांगायला हवंच, रत्ना. लपवून संसार होत नाही."

"म्याबी तेच म्हनते. शेफालीबी म्हनती. रविवारी च्या-पानी झालं की मीच सांगनार हाय, समोर बसून. मंग त्यांची मर्जी." तिनं बाईंच्या हातावर हात ठेवला. "कुनापाशी तरी बोलायचं व्हतं. तुमच्यापाशी बोलले."

दोनला बायका जमल्या. गाणी झाली. मग नेहमीप्रमाणे बाईंनी प्रार्थनेला सुरुवात केली. आजाऱ्यांसाठी केली, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी केली, आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हे दयाळू बापा, आमच्या रत्ना बहिणीच्या घरावर हात ठेव. रविवारी तिच्या लेकीला पाहायला लोक येत आहेत. लहानपणापासून त्या लेकरानं आकडीचं दुखणं सोसलंय. गोळ्यांवर दिवस काढलेत. तो आजार, प्रभू, या लग्नाच्या आड येऊ देऊ नकोस."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. कुणीतरी उसासा टाकला. बाई पुढं बोलत राहिल्या आणि सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा रत्ना खाली बघत होती. चहाला ती थांबली नाही. "गाडी चुकंल," म्हणाली. तेव्हा तीनच वाजले होते.

गटात सोनिया नावाची नवी लग्न झालेली मुलगी होती. तिची मावशी कामथडीत राहायची. त्याच संध्याकाळी सोनियानं मावशीला फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं, "बिचाऱ्या शेफालीसाठी तूही प्रार्थना कर गं." मावशीचं घर आनंदच्या घरापासून चार दारं पलीकडं होतं.

रविवारी हिर्डोशीला पाहुणे आले नाहीत. रत्नानं पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला होता. अकरा वाजता गोरखच्या मोबाईलवर आनंदच्या वडलांचा फोन आला. "तुमी आमच्यापासून आजार लपवला. आमाला ह्यो येव्हार करायचा न्हाई," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बाईंना हे त्याच दुपारी सोनियाकडून कळलं. सोनिया रडत होती. "बाई, मी वाईट हेतूनं नाही हो सांगितलं. प्रार्थना करायला सांगितलं फक्त."

"मीही प्रार्थनाच केली," बाई म्हणाल्या. "प्रार्थनेत काय लपवायचं?"

दोन दिवस हेच वाक्य त्या स्वतःशी म्हणत राहिल्या. आपण भल्यासाठीच केलं. देवासमोर बोललो, चव्हाट्यावर नाही. तिसऱ्या संध्याकाळी, ठरवल्याप्रमाणे, त्या मन तपासायला बसल्या. गुरुवारची दुपार आठवली. रत्नाचं नाव घेताना आपला आवाज कसा खाली आला होता, ते आठवलं. आणि ते "अरेरे" आठवलं.

ते ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं.

बाईंनी डोळे उघडले. समोर त्यांच्या मुलीचा, सृष्टीचा फोटो होता. सृष्टी एकतीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. तीन वर्षांत तिचं एकही स्थळ पुढं सरकलं नव्हतं. पत्र्याच्या घरातल्या, बारावी झालेल्या शेफालीला मात्र स्थळ चालून आलं होतं, आणि ते सांगायला रत्ना त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन बसली होती. "छानच झालं की" म्हणताना छातीत काहीतरी टोचलं होतं, आणि आकडीचं ऐकल्यावर ते टोचणं थांबलं होतं. बाईंना हे त्याच क्षणी जाणवलं होतं. त्यांनी त्याकडं पाहिलं नव्हतं, एवढंच. मग तेच मनातलं उठून, डोळे मिटून, प्रार्थनेचे शब्द पांघरून बाहेर पडलं होतं.

त्या रात्री आपण कुणाला फसवलं, हे त्यांना नीट कळेना. बायकांना, रत्नाला, का देवाला?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या हिर्डोशीला गेल्या. रत्ना घराच्या वरच्या अंगाला शेतात होती. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता. जमिनीवर शेण आणि वाळल्या फांद्या पसरून ती वरून पालापाचोळा टाकत होती. बाईंना चढ चढून धाप लागली.

"रत्ना, मी चुकले," त्या म्हणाल्या.

रत्नानं पाटी खाली ठेवली. म्हणाली, "बाई, म्या तुमाला सांगितलं व्हतं. देवाला सांगा म्हनले न्हवते. देवाला माझं मी सांगितलं व्हतं."

बाईंनी मान खाली घातली.

"रविवारी मी सांगनारच व्हते," रत्ना म्हणाली. "कसं सांगायचं ते चार दिस मनात घोळवलं. शेफालीच्या बापानं ऐकून घेतलं, दोनदा. माझ्या तोंडून ऐकलं आसतं तर कदाचित ऱ्हायली आसती ती मान्सं. गेली बी आसती. पर आमाला लबाड म्हनून न्हाई गेली आसती. आता आमी लबाड झालो."

"मी कामथडीला जाते. मी त्यांना सांगते, तुम्ही लपवणार नव्हता म्हणून."

रत्नानं पाटी उचलली. जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिनं पाणीही विचारलं नाही, आणि हिर्डोशीत दारी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे बाईंना कळत होतं.

मधल्या गुरुवारी रत्ना आली नाही; बाईंनी नुसती गाणी घेतली आणि बायकांना लवकर सोडलं. शनिवारी बाई कामथडीला गेल्या. आनंदची आई सुलक्षणाबाई ओसरीवर मिरच्या निवडत होत्या. बाईंनी ओळख सांगितली आणि थेट विषयाला हात घातला. "त्या लोकांनी तुम्हाला फसवलं नाही. रविवारी ते स्वतः सांगणार होते. मला रत्नानं विश्वासानं सांगितलं आणि मी ते दहा जणींत बोलले. दोष माझा आहे."

सुलक्षणाबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. "इस्वासानं सांगितलेलं तुमी बोललात कशाला?"

याचं उत्तर बाईंनी येताना वाटेत तयार केलं होतं. तोंडचूक झाली, असं काहीतरी. पण ते ओठांवर येईना. "माझ्या मनात तिच्याविषयी चांगलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते मला बघायचं नव्हतं."

सुलक्षणाबाई जरा नरमून म्हणाल्या, "आवं, आजाराचं आमाला येवढं न्हवतं. माझ्या धाकट्या दिरालाबी दमा हाय. लपवलं ह्याचा राग. पर पोरीचं नक्की काय हाय? जास्त हाय का?"

बाईंना धीर आला. "अहो, काहीच नाही आता. पुण्याच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, सातवीत असताना पहिल्यांदा—"

आणि त्या थांबल्या.

लग्न शेफालीचं. आजार तिचा, गोळी तिची, सातवीतली ती भीतीही तिचीच. आणि ते सगळं परक्या ओसरीवर बसून त्या पुन्हा उघडं करत होत्या. इथं यायच्या आधी शेफालीला विचारावं, असं त्यांना सुचलंही नव्हतं. चूक निस्तरायला म्हणून आल्या होत्या आणि तीच चूक परत करत होत्या.

"बोला की," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "सातवीत काय झालं?"

"ते तिला विचारा. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. मला बोलायचा हक्क नाही."

"आता सुचलं व्हय श्यानपन," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि पुन्हा सूप ओढून मिरच्या निवडायला लागल्या.

सोमवारी बाई स्टँडजवळच्या दुकानात गेल्या. शेफाली कुणाचा तरी सातबारा झेरॉक्स करत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाई बाजूला उभ्या राहिल्या. मग कामथडीचं सगळं त्यांनी तिला सांगितलं, सातवीपर्यंतचं अर्धं वाक्यसुद्धा.

शेफालीनं मशीनचं झाकण लावलं. "तुम्हाला कामथडीला जायला मी सांगितलं होतं?"

"नाही."

"काल आनंदचा फोन आला होता. तुमच्यामुळंच असणार. सगळं विचारलं त्यानं, मी सगळं सांगितलं. म्हणाला, घरी बोलून बघतो. मीच नको म्हणाले. ज्या घरात माझ्याआधी माझा आजार जाऊन बसलाय, तिथं मी नाही जायची."

"शेफाली, पोरी, मला माफ..."

"बाई, दुकानात नको," ती हळूच म्हणाली. दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. "आणि आता माझ्यासाठी कुठं जाऊ नका. माझ्याविषयी चांगलंसुद्धा कुणाला सांगू नका."

पुढच्या गुरुवारीही रत्ना आली नाही. बाकीच्या आल्या. गाणी झाल्यावर सगळ्या बाईंकडं बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, "प्रार्थनेच्या नावाखाली मी चुगली केली. आपल्या बहिणीनं माझ्याजवळ ठेवायला दिलेलं मी उघडं केलं, आणि ते दयेपोटी नाही, हेव्यापोटी केलं. जिभेचा उपास मीच तुम्हाला सांगितला आणि मीच मोडला. आजपासून प्रार्थना तुम्ही आळीपाळीनं करा." कशाचा हेवा, कोणतं दुखणं, यातलं त्यांनी काही काढलं नाही. सोनियाचं नावही घेतलं नाही. तरी सोनिया रडली. एक वयस्क बाई म्हणाली, "एवढं कशाला मनाला लावून घेता? आपली मंडळी म्हणजे एकच घर." बाईंना ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं नाही. घरातल्या माणसाचंच तर त्यांनी असं केलं होतं.

ईस्टर झाला. बाईंनी गुरुवार दुपारची वेळ चुकवली नाही. बायकांना चटया घालून देत, पाणी देत आणि मागं भिंतीला टेकून बसत. प्रार्थना दुसरी कुणीतरी अडखळत करायची. बाईंना शब्द सुचत. सुचलेले शब्द त्या तपासून बघत, आणि पुष्कळदा त्यातले निम्मे बायकांनी ऐकावेत म्हणून सुचलेले असत. ते त्या गिळत. रोज संध्याकाळचं बसणं आता त्यांना जड जायचं. जे दिसायचं ते काही फार चांगलं नसायचं. तरी त्या बसत.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दोनला पाच मिनिटं असताना दारात चपला वाजल्या. रत्ना होती. तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि दाराजवळच्या चटईवर बसली. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. रत्नानं घेतला, प्याली, परत दिला.

"गाडी वेळेवर मिळाली?" बाईंनी विचारलं.

"मिळाली."

"शेफाली..." बाई म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या.

"बरी हाय," रत्ना म्हणाली. त्यापुढं तिनं काही सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही.

गाणं धरायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी रत्नाकडं पाहिलं. तिनं मान हलवून नको म्हटलं, म्हणून सोनियानंच सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला रत्ना इतरांबरोबर म्हणायला लागली, हळू, कुणाच्या वर आवाज न जाऊ देता. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. तिचा मोकळा आवाज आपण घालवला, हे त्यांना त्या एका कडव्यात पुरतं कळलं.

साडेतीनला रत्ना उठली. सगळ्यांकडं बघून "येते" म्हणाली. बाईंकडंही तेवढंच बघितलं, ना कमी ना जास्त, आणि पिशवी उचलून स्टँडच्या वाटेला लागली.